अमोशनचा अर्थ आणि माझी खुर्ची

तीर्थरूप मामांस, भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठणठणीत, आणि मी तर विजयी! तुमच्या इंग्रजी कोशाच्या पहिल्या खंडाने (जो मी दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी नेला होता) गेल्या आठवड्यात भरसभेत माझी मान ताठ केली.

झालं असं, तळमजल्यावरच्या वकिलांनी सोसायटीच्या फलकावर नोटीस लावली: 'सेक्रेटरींच्या अमोशनचा ठराव'. सेक्रेटरी म्हणजे अस्मादिक, सलग अकरा वर्षं. अमोशन म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल कोण करणार? तीन सभांत सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि 'विषय मोठा आहे, पुढच्या वेळी घेऊ' म्हणत चहा पिऊन घर गाठलं. (दातांच्या डॉक्टरांनी तर तत्त्वतः पाठिंबाही दिला. कशाला, ते विचारू नका.) मी गप्प बसलो असतो तर माझी खुर्ची आणखी अकरा वर्षं हलली नसती. पण चौथ्या सभेत वकील हसून म्हणाले, "सेक्रेटरींना तरी अर्थ कुठे माहितीये!"

मामा, तळपायाची आग मस्तकात गेली. अर्थ मी पहिल्या सभेनंतरच शोधून ठेवला होता. कोश छातीशी धरून अर्धा तास बोललो. मूळ लॅटिन, 'आ' म्हणजे दूर, 'मोव्हेरे' म्हणजे हलवणे, म्हणून पदावरच्या माणसाला पदावरून दूर करणे ते अमोशन. पद जातं, सभासदत्व राहतं, हा बारकावाही वकिलांना ऐकवला. उदाहरणादाखल कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवून स्वतःच खुर्चीपासून तीन पावलं मागे सरलो. इतकं सोपं केलं की वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई, एवढंच होय!" टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि जोशात लगेच ठराव मताला टाकला गेला. एकमताने मंजूर! (एकमताने म्हणजे माझ्याही. हात वरच होता, कोश दाखवत होतो.)

मामींना नमस्कार.

तुमचा विजयी भाचा

ता. क. : नवी सेक्रेटरी तुमची भाचेसून झाली. किल्ली तिच्या पर्समध्ये असते. मी दार वाजवून आत जातो.

आणखी ता. क. : खरं सांगतो, मामा, खुर्चीवाचून करमत नाही. काढलेल्या माणसाला परत बसवण्यासाठी असाच कोणाला न कळणारा शब्द दुसऱ्या खंडात असेल तर तेवढा लिहून पाठवा. अर्थ मात्र कळवू नका. कळला की मला राहवत नाही.