विश्वासू व्यक्ती

रोशनीताई,
सप्रेम जय भीम.

ऑनलाइन कॅसिनोचं खातं बंद केलं, असं प्रशिकनं मला सांगितलं. खात्री करायला मी त्या कंपनीला फोन केला.

“ग्राहकाची माहिती आम्ही फक्त त्यांनी नेमलेल्या विश्वासू व्यक्तीला देतो,” तिथली मुलगी म्हणाली.

“मी बायको आहे त्यांची.”

“तुमचं नाव नाही, मॅडम.”

प्रशिकला विचारलं, तर म्हणाला, “ताईचं नाव देलं. तू रडत बसते वं. ताई शिव्या देते अन् विसरते.”

तुम्ही विचारलंत तर कंपनी लगेच सांगेल. म्हणून हे पत्र लिहायला बसले. पण तुमच्याकडून कळण्यापेक्षा खातं चालूच राहिलेलं बरं, असं मला आत्ता खरोखर वाटलं. त्यामुळे पाठवत नाही.

तुमच्या भावाची बायको,
प्रीती