सुरतेच्या चित्रातली होडी

२ एप्रिल
आलो बुवा गेवराईला एकदाचे! बीडहून एसटीत उभं राहून कंबरेचा पार भुगा झाला, पण शेतातला नवा बंगला बघून बबिता खूश. बायको खूश म्हणजे निम्मं काम झालं. मालक सुंदररावांना जुन्या बंदरांच्या चित्रांचा लई नाद. सुरत, मलाक्का, बटाव्हिया. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, इंग्रज-डचांच्या वेळची. गेल्या उन्हाळ्यात मालक घरातूनच नाहीसे झाले, म्हणून त्यांच्या बायकोला, केसरबाईंना, आता चित्रं विकायचीत. मी बुरशी काढून फ्रेमा बदलायच्या. आम्ही टँकरची वाट बघणारी माणसं, अन् इथं हॉलात भिंतीभर समुद्र! हसूच आलं.

५ एप्रिल
केसरबाई लेकीकडे गेल्या. जाताना बजावलं, हॉलात कुणीबी पाणी मागितलं तर द्यायचं न्हाई. काय चिक्कू बाई! बबिताला सांगितलं तर ती फणकारली, तहानलेल्याला न्हाई म्हणायची आपली रीत न्हाई.

९ एप्रिल
सुरतेच्या चित्राची काच काढली. लांब समुद्रात एक होडी. खलाशांचे ओठ फुटलेले. त्यांच्यात एक फेटेवाला, थेट हॉलात लावलेल्या फोटोतल्या सुंदररावांसारखा. चष्म्याचा नंबर वाढला असणार. थकलोय.

१३ एप्रिल
होडी धक्क्याला लागलीय. चार दिवसांमागं लांब होती, मी शपथेवर सांगतो.
बबिता म्हणते, दुपारी हॉलातून कुणीतरी पाणी मागत होतं. गेली तर कुणी नाही. तरी तिनं चित्राखाली भरला तांब्या ठेवला. नंतर बघते तर रिकामा, काठाला मीठ. मी तिच्यावर खेकसलो. मग वाईट वाटलं. उद्या सकाळी निघायचं. मजुरी गेली खड्ड्यात.

१४ एप्रिल
बबिता नाही. तांब्याही नाही. चपला दारातच आहेत. विहीर बघितली, ऊस बघितला. केसरबाईंना फोन केला. त्या नुसत्या रडल्या. मालकांनीबी पाणीच दिलं होतं, म्हणाल्या.

दुपारी
होडीनं धक्का सोडलाय. फेटेवाल्याशेजारी — शाईच्या रेघांची, पण तिचीच फुलाफुलांची साडी. मांडीवर तांब्या. देवा, माझी बबिता —

१५ एप्रिल
नुसता चित्रासमोर बसलोय.
होडी लांब चाललीय. तिचे ओठ फुटलेत. रिकामा तांब्या माझ्याकडे धरलाय. आवाज तिचाच, अहो, घोटभर —

कळतंय मला. द्यायचं न्हाई. सगळं कळतंय.
पण इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी काही मागितलं नाही.
माठ भरलेला आहे. आधी तिला पाजतो, मग —