अंतराळवीरांचे कपडे

२ तारीख, सोमवार

लागली नोकरी! तीन वर्षांतली सातवी. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, पण या वेळी टिकणार. जागाच तशी आहे. रांगेनं काचेची घरं, आत नुसते गुलाब, आणि सगळ्यांच्या मागे आमची धुण्याची खोली. सिमेंटच्या तीन टाक्या, दोऱ्या, एक खिडकी. खिडकीत मिशाळ मांजर येतं. त्याच्यावर पानभर लिहिणार होते, पण कुठे होते मी? हां, मावशी. ती कुणाचीच मावशी नाही, तरी सगळे म्हणतात. कामावर आम्ही दोघीच, राहायलाही पलीकडच्या खोलीत दोघीच.

फवारणीवाले नखशिखांत पांढऱ्या सुटात असतात. डोळ्यांवर काच, हातांत कोपरापर्यंत मोजे. मी त्यांना अंतराळवीर म्हटलं. मावशी म्हणाली, हो ना, आणि चंद्रावरची घाण काढायला आपण दोघी. फवारून आले की ओले सूट आमच्या पुढ्यात टाकून जातात. औषधाचा वास नाकात जाऊ द्यायचा नाही, हा मावशीचा एकच नियम. माझ्या तोंडावर फडकं तिनंच बांधलं, असं करकचून की शिंकायची सोय नाही.

५ तारीख, गुरुवार

दिवसभर कोपरापर्यंत पाण्यात. पाणी दुधाळ, बुळबुळीत. बेकरीत होते तेव्हा हात असेच पिठात असायचे, पण तिथला मालक गायचा फार बेसूर. असो. मुकादमाकडे मोजे मागितले. तो हसला. म्हणाला, तू फवारतेस का? मोजे फवारणाऱ्याला, साबण धुणारीला. मलाही ते पटलं.

दुपारी मात्र गंमत झाली. खिडकीत चक्क ऊन, आणि खोली मळभ आल्यासारखी. मावशीला विचारलं, आभाळ आलंय का? ती हसली नाही. एवढंच म्हणाली, तुलापण?

७ तारीख, शनिवार

मावशीनं आज सांगितलं. माझ्या आधी एक मुलगी होती. वसंतात, भर दुपारी, तिसऱ्या टाकीपाशी पडली. तोंडाला फेस. मुकादम म्हणाला, हृदय कमजोर होतं पोरीचं. मावशी म्हणते, ती गेलेली नाही. आधी उजेड खाते. मग छातीवर बसते. मग मांसात शिरते.

मी हसले. म्हटलं, मावशे, मग तिलाही दोन सूट धुवायला दे की.

घासायला वाकले तर मांडीत, कातडीच्या खाली, काहीतरी वळवळलं. पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखं. हात ठेवला. थांबेना. मी मावशीकडे पाहिलं, तर तिची पापणी तशीच उडत होती.

८ तारीख, रविवार

सुट्टी. गावभर भटकले. संध्याकाळपर्यंत उजेड पहिल्यासारखा झाला, मांडी शांत. म्हणजे ती त्या खोलीतच आहे. तिथून निघालं की सोडते.

मी निघून जाऊ शकते. सहा वेळा गेलेय. मावशीला म्हटलं, चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, बाई, तुझी भिंगरी तुझ्या पायाला, माझ्या पायाला गाठी. मला दुसरं दार नाही.

मग मीही थांबले.

१० तारीख, मंगळवार

भर दुपारी अंधार. घाम, लाळ, फडकं गच्च भिजलं. फडकं दुप्पट बांधलं, तरी छातीवर ती बसतेच. मावशीला बादली उचलत नाही. बोलताना जीभ अडखळते.

दोघी टाकीत हात घालून उभ्या होतो. पाण्यात मला चार हात दिसले. नंतर सहा.

११ तारीख, बुधवार, सकाळ

दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. तासाभरात येते असं मावशीला सांगून आले. भुताचं औषध मागायची लाज वाटली, डोळ्यांचं मागितलं.

नर्सबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली. माझ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात म्हणे. म्हणून अंधार. काम काय विचारलं, मग हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाल्या, नाक कसलं बांधता गं, तुम्ही हातांनी पिताय ते फवारणीचं औषध. कातडीतून जातं. भिजलेला कपडा अंगावर राहिला की जातच राहतं.

भूत नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. भुताला दारं असतात. हे माझ्या अंगावरच—

बाई म्हणतात, आत्ता इथेच झोप. कामावर फोन केला, कुणी उचलत नाही. दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेलीय, परतली की पाठवतील. पण आज माझ्या वाटणीचे सूटही मावशीच धुतेय. एकटी.

मी पळतेय.

११, दुपार

मावशी टाकीपाशी पडलीय. फवारणीचा पंप फुटून भिजलेले सूट मांडीवर. कंबरेपर्यंत चिंब.

कात्रीनं तिचे कपडे कापले. साबण, साधं पाणी, परत पाणी. चादरीत गुंडाळलं. मोजे नव्हते. माझे हात, माझं पोट, सगळं—

श्वास आहे. लांब लांब, पण आहे.

मुकादम आला. गाडी बघतो म्हणून रस्त्याकडे पळाला. पळण्याआधी नाकाला रुमाल बांधला. नाकाला!

गाडीवाल्यांनो, मला बोलता येत नाहीये, म्हणून लिहितेय. आधी तिला घ्या. औषधाचा डबा दाराशी आहे, बरोबर न्या. मोजे घाला. उघड्या हातांनी उचलू नका आम्हाला—

अंधार फार—

वहीसुद्धा. खिशात होती, भिजली. पानं चिकटलीत. जिभेला बोट लावून पान उल