जड पाण्याचा साबण

३ मार्च
बाबांना जाऊन महिना झाला आणि आज नाक्यावरचा आडवा बांबू निघाला. दोन्ही प्रांत एक झाले. जकात बंद. संध्याकाळपर्यंत वाण्याकडे तिकडच्या साबणाचे खोके छतापर्यंत — आमच्या वडीच्या निम्म्या किमतीत!

४ मार्च
दादा म्हणतो, कारखाना विकू, जागेला गिऱ्हाईक आहे. कारखाना म्हणजे दोन कढया, साचे आणि चार माणसं. मी भाजी चिरत राहिले.
"गप्प आहेस म्हणजे हो समजू?"
"नाही समज."

११ मार्च
मागणी शून्य. कढईवाले काका तरी वेळेवर आले. रिकामी कढई पुसून बसले. बाबांची खुर्ची कोणी हलवली नाही.

१९ मार्च
वहिनीने गुपचूप तिकडची वडी आणली होती. फेस नावाला नाही. दादाच्या शर्टाच्या कॉलरवर पांढरा चिकट थर! इथल्या विहिरींचं पाणी जड, त्यात साध्या तेलाचा साबण फाटतो. म्हणून तर बाबा महागडं खोबरेल ओतायचे. तिकडच्यांनी हे पाणी कधी पाहिलंच नाही. वहिनी म्हणाली, "आण बाई मामंजींचीच वडी." काकांना हे सांगितलं, तर बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसले. म्हणाले, जकात गेली, पण पाणी आहे ना आपल्या बाजूने.

२ एप्रिल
वाण्याने पुन्हा माल मागवला. दादाच्या गिऱ्हाइकाला मीच नकार कळवला. दादा बोलत नाही. चालेल.

२० एप्रिल
रस्ताभर चर खणलेत. तिकडच्या धरणाचं गोडं, हलकं पाणी आपल्याकडे येणार — एकीकरणातलं पहिलं काम. काकांचा चेहरा उतरला. मला मात्र बाबा आठवले. याच पाण्यासाठी सह्या गोळा करत ते दारोदार हिंडले होते. तेव्हा मी विचारलं होतं, आपल्या साबणाचं काय? म्हणाले, "आधी पोरांच्या अंगाची खाज जाऊ दे. मग साबणाचं बघू."

६ मे
नळाला पाणी आलं. तिकडच्या वडीला वाटीभर फेस. आमच्या वडीत खोबरेल जास्त, या पाण्यात ती भराभर विरघळते.
काकांना सांगितलं, खोबरेल निम्मं घाला. किंमतही खाली येईल. त्यांचा हात थांबला. बाबांच्या मापात आजवर कुणी बदल केला नव्हता.
"ते माप जुन्या पाण्याचं होतं, काका," म्हटलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. साबणाचं आता मी बघते.