ताईचं नाक आणि माझी कॉफी

४ मार्च, मंगळवार

जमली! आज खरंच जमली!

पाणी उकळलं, जरा निवू दिलं, मग पुडीवर थोडंसंच ओतलं आणि थांबले. पूड फुगली. झोपेतून उठून श्वास घ्यावा तशी वर आली, बुडबुडे सुटले आणि असा काही वास आला की मी किटली धरून तशीच उभी. "बाई गं!" मोठ्याने म्हणाले बहुतेक. नवरा आतून ओरडला, "कुणाशी बोलतेयस?" कॉफीशी!

ताईला फोन लावायला गेले आणि ठेवला. काय सांगणार? या बिया तिच्याच कारखान्यातल्या. पण तिने भाजलेल्या नाहीत, नुसत्या पाकिटात भरलेल्या. त्या मेल्या तापानंतर तिला कशाचाच वास येत नाही. आणि कॉफी भाजणाऱ्या बाईला वास नाही म्हणजे काय उरलं?

६ मार्च, गुरुवार

ताईचाच फोन. "मालक चांगले आहेत गं. भट्टीवरून काढलं, कामावरून नाही काढलं." मग — "पुढच्या शनिवारी सांगून टाकते, सोडते म्हणून. पाकिटांना चिकटपट्ट्या लावत जन्म काढायचा नाहीये मला."

मग करणार काय? "बघू." भट्टीशिवाय तिला दुसरं काही आवडलेलंच नाही कधी.

७ मार्च

रजा मिळाली. जाते.

९ मार्च, रविवार

छोटी चक्की, गाळणी, कागद, किटली — सगळं घेतलं. नवरा म्हणाला, "बहिणीकडे चाललीस की दुकान टाकायला?"

गाडीत थर्मासमधल्या पाण्यावर केली. चक्की फिरवायला लागले तशी अख्ख्या डब्याची तोंडं माझ्याकडे! समोरचे आजोबा म्हणाले, "नुसता वास दिलात तरी चालेल." अर्धा कप दिला. बाकी अर्ध्यात मी. हलत्या गाडीत, कागदी पेल्यात, आणि तरी काय चव! एवढ्याशा बियांमध्ये हे सगळं कुठे दडलेलं असतं?

१० मार्च, सोमवार

फजिती. ताईचं गाव पार डोंगरावर. तिच्या स्वयंपाकघरात थाटात मांडामांड केली आणि कॉफी झाली पाणचट. परत केली. परत तेच! बिया त्याच, हात तोच.

ताईने घोट घेतला. "आंबट. एवढं जिभेला कळतं अजून. पाणी उकळल्यावर थांबलीस का?"

"तूच शिकवलंयस थांबायला!"

"अगं बये, ते खाली! इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं. बुडबुडे येतात, पण पुरेसं तापलेलंच नसतं. आणि तू वर आणखी निवू देतेस!"

उकळतं पाणी सगळीकडे सारखं नसतं! एवढी घोडी झाले आणि आज कळतंय. न थांबता ओतलं आणि फुगली की पूड! मी नाचले. ताई हसली. कप नाकाशी नेला, मग हळूच खाली ठेवला. रडू आलं मला.

१२ मार्च, बुधवार

ताईबरोबर कारखान्यात गेले. नवा भट्टीवाला गोंधळलेला. ताई बाजूला डोळे मिटून उभी. आत बिया तडतडायला लागल्या, लाह्यांसारख्या. "थांब... थांब... काढ!" धडाधड बाहेर पडल्या — तपकिरी, चकचकीत, धूर सोडत. नुसत्या कानांनी! मी आ वासून बघत राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुला नाक लागतंच कशाला?"

"आवाज त्यालाही येतो, शिकेल तो. मला करपायच्या आधीचा वास यायचा. तो गेला."

१४ मार्च

उद्या ताई मालकांना सांगणार. कपडे काढून ठेवलेत. रागवून झालं, विनवून झालं. हट्टी आहे, पहिल्यापासून.

१५ मार्च, शनिवार

सकाळची कॉफी अशी झाली होती की माझी मलाच दृष्ट लागावी. ताईने कप तोंडाशी नेला आणि — "शी! रबर जळतंय कुठेतरी!" शेगडी बघितली, खिडकी उघडली, परत कपाशी आली. "यालाच येतोय! घाण! काय घातलंस यात?"

मला इतकं लागलं! तोंड उघडलं भांडायला आणि तसंच राहिलं. वास! ताईला वास आला होता!

डॉक्टरांना फोन केला. "वेडावाकडा का होईना, येतोय ना? परत येताना बऱ्याचदा असाच येतो. धीर धरा."

कारखान्यात गेलीय. पाकिटं भरायला. सोडते म्हणून मालकांना सांगणार नाही म्हणाली. निघण्याआधी कपात नाक खुपसून बसली होती — "शी!", डोळे पुसायचे, परत "शी!" आणि मग कप पुढे केला, "अजून दे."