ब्रेकवरचा पाय

८ नोव्हें., शनिवार

गाडीखाली परत पाणी. कालच्यापेक्षा जास्त. आधी वाटलं कुत्र्यानं घाण केली, वाकून बोट लावलं तर हिरवट. म्हणजे इंजिनाचंच.

बीडच्या रशीदभाईला फोन केला. त्यांचं गॅरेज हाय, ह्यांच्या ओळखीचे. म्हणले, "भाभी, वॉटर पंप गेला. पंप टायमिंग बेल्टच्या मागं असतोय, सगळं खोलावं लागतंय. खोललंच हाय तर बेल्ट बी नवा टाकू. तो चालत्यात तुटला तर इंजिन गेलं समजा."

बेल्ट दोनच वर्षाचा हाय म्हणलं. दोन दसऱ्यामागं ह्यांनी स्वतः बदललाय.

"मग काय टेन्शन न्हाई. घिऊन या."

न्हाई नेणार. ही गाडी गॅरेजला कधी गेली न्हाई. कापसाच्या जिनिंगवर फिटर असलेला माणूस, म्हणायचा, परक्याचा हात लागला की गाडी परकी होती. आन मी काय चौदा वर्षं नुसती बघत उभी होते? पाने हातात कुणी दिले? बॅटरी कुणी धरली? खालच्या पुलीचा तो दांडगा बोल्ट सोडताना गाडी गिअरमधे टाकून ब्रेकवर मीच बसायची. "दाब सुनंदा, सोडू नको." ब्रेक दाबून धरणारं कुणी नसलं तर इंजिनच फिरतं, बोल्ट सुटत न्हाई. दोघांचं काम हाय ते.

नऊ महिने झाले ह्यांना जाऊन. बॉनेट उघडायला अजून नको वाटतं.


९ नोव्हें., रविवार

सकाळी पल्लवीचा पुण्याहून फोन. "आई, देऊन टाक ना गॅरेजला. पैसे मी पाठवते."

पैशाचा सवाल न्हाई म्हणलं. "मग कशाचा हाय?" तर सांगता येईना. लेक हुशार हाय. म्हणली, "बरं, बोटं सांभाळ."

दुपारी वरचं कव्हर काढलं. चार क्लिपा, चाकसुद्धा काढावं लागत न्हाई. कव्हरच्या आतून ह्यांचं अक्षर. पांढऱ्या पेंटनं. ऑक्टो. २०१८, पुढं किलोमीटर. बघितलं आन खालीच बसले. ह्यांचं अक्षर असं अचानक समोर आलं की काय करावं कळत न्हाई. रडून घेतलं. चांगलं मोठ्यानं. शेजारची भिंतीवरून डोकावली, तिला म्हणलं, बोट चेमटलं.

मग ध्यानात आलं. त्याच्याखाली दुसरी तारीख पायजे होती. दोन वर्षामागची. बेल्ट बदलला की लिहायचेच, चुकायचे न्हाईत.

बेल्ट वाकवून बघितला. हिवाळ्यातल्या टाचंवाणी भेगा. हा दोन वर्षाचा न्हाई. हा पल्लवी बारावीला असतानाचाच हाय.


११ नोव्हें., मंगळवार

रात्री झोप न्हाई. सकाळी लोखंडी पेटी उपसली. तळाला जिनिंगचा जुना शर्ट, त्यात नव्या बेल्टचा बंद डबा. फोडलेला सुद्धा न्हाई. आन त्या दांडग्या बोल्टचा १९ चा सॉकेट, उभा चिरलेला.

ह्याच सॉकेटवरून दोन वर्षामागच्या खंडेनवमीला मी ह्यांना केवढं बोलले. हत्यारं पूजेला मांडताना १९ चा सापडंना. हे म्हणले, एकाला दिलाय. मी म्हणलं, पूजेच्या तोंडावर हत्यार घराबाहेर दिलंच कावून? चार माणसांत बोलले. हे पाटावर बसून गुमान कुंकू लावत राहिले.

त्याच्या आदल्या दिवशी मला पाटोद्याला बहिणीकडं लावून दिलतं. "लई दिवस झाले, जाऊन ये." मी नको म्हणत होते, बेल्टचं काम निघालंय, ब्रेकवर कोण बसंल? "करतो काहीतरी." संध्याकाळी आले तर आंघोळ करून बसलेले. झालं का? झालं. चहा टाकला मी. एवढंच.

मग त्या संक्रांतीला दवाखाना, आन तिथून पुढं वरीसभर दुखणं. डॉक्टर म्हणले, तीन महिने आधी आला असता तर बघता आलं असतं. तिथंच व्हरांड्यात मी विचारलं, आधी काहीच जाणवलं न्हाई तुमाला? माझ्या डोळ्यात बघून म्हणले, न्हाई.

दसरा ते संक्रांत. मोजायची गरज न्हाई.

लई राग आलाय. मेलेल्या माणसाचा राग करून कुठं ठेवायचा.


१३ नोव्हें., गुरुवार

आज जे झालं ते लिहू का नको. लिहिते.

जॅक लावून चाक काढलं. आत बोल्ट बघितला तर डोकं घासून गोल. सहाच्या सहा कडा गेलेल्या. पाना जरा तिरका लावला तर मला झापणारा माणूस, त्यानं असा बोल्ट केला.

नवा सॉकेट ठोकून बसवला. गाडी गिअरमधे टाकून आत्याबाईंना हाक मारली. सासू माझी, पंचाहत्तरीची, पण चपळ हाय. म्हणलं या, ड्रायव्हरच्या सीटवर बसा, ब्रेकवर पाय ठेवून घट्ट दाबा, बाकी माझं मी बघते.

उंबऱ्यातून हालंनात. "नगं मला."

"गाडी चालवायची न्हाई ओ, नुसतं दाबायचंय."

पदर तोंडाला लावला. "त्यानं बी असंच बसवलतं मला. नगं माय."

कधी? तर त्याच दिवशी. मी पाटोद्याला गेलते तेव्हा.

"माझा पाय पोचंना. पाठीमागं उशी दिली, तरी नुसता चवडाच टेकायचा. त्यो दाब म्हणायचा, म्या दाबायची, आन त्ये चाक फिरायचं. मंग पाना निसटला. टायराला टेकून बसला लई येळ. म्हणला, आई, हातात जीवच ऱ्हायला न्हाई, दोन म्हयने झाले. सुनंदीला सांगू नको. दसरा हुं दी."

मग दसरा झाला. मग म्हणले दिवाळी होऊ दी. मग पल्लवीला नोकरी लागू दी. ही माउली रोज त्यांचं उष्टं ताट माझ्या आधी उचलायची, मला उरलेलं अन्न दिसू नये म्हणून. मला वाटायचं, लेकाचे लाड चाललेत.

मी हातातला पाना खाली ठेवला आन म्हणलं, "तुमच्या गप्प बसण्यानं गेले ते."

असंच म्हणलं. शब्द तेच.

त्या आत गेल्या. जेवल्या न्हाईत. मी पण न्हाई.


१४ नोव्हें., शुक्रवार

भाकरी आत्याबाईंनी केल्या, दोन मला झाकून ठेवल्या. त्यांच्या वाटणीची तशीच.

बोल्ट माझ्यानं सुटणार न्हाई. उद्या रशीदभाईकडं नेते. हरले.


१५ नोव्हें., शनिवार

आमच्या पालीपासून बीड अंतर ते केवढं, पण चार बाटल्या पाणी घेऊन, तिसऱ्याच्या वर गिअर न टाकता गेले. जुना बेल्ट आता तुटतो का मग तुटतो. आत्याबाई न विचारता शेजारी येऊन बसल्या.

रशीदभाईनं चाक काढलं, खाली वाकले, आन तसेच वळून बघितलं. "भाभी, ह्या बोल्टचा असा सत्यानाश कुनी केला?"

स्टुलावर बसलेल्या आत्याबाईंनी मान खाली घातली.

"मी," म्हणलं. "मीच करत होते घरी."

"अरे भाभी, भाईच्या गाडीला? ते असते तर तुमाला सोडलं नसतं." हसले ते. वाईट बोलले न्हाईत.

बोल्टवर नट वेल्डिंग करून एका झटक्यात काढला. ब्रेकवर त्यांचा माणूस बसलता. मग बेल्ट हातात घेऊन म्हणले, "हा दोन वर्षाचा म्हणलात ना?"

"माझ्या ध्यानात चुकलं."

ह्यांनी आणलेला बेल्ट दिला टाकायला. उलटसुलट करून बघितला, चालतोय म्हणले. पंप नवा. दुपारी तीनला गाडी चालू, आवाज एकदम बारीक. ह्यांनी केल्यावर व्हायचा तसाच.

येताना आत्याबाई बाहेर बघत होत्या. गावाजवळच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा म्हणल्या, "माझं नाव सांगायचं हुतं रशीदला."

"कशाला सांगायचं."

मग, माझ्याकडं न बघता, "सुनंदा, म्या तवाच तुला सांगितलं असतं, तर ऱ्हायला असता का गं त्यो?"

न्हाई म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द. रशीदभाईला दोन थापा मारून आले होते मी, तोंडाला काही झालं न्हाई. इथं जीभ उचलंना.

गाव आलं. गाडी दारात लावली. त्यांना हात धरून उतरवलं.


१७ नोव्हें., सोमवार

काल पल्लवी येऊन गेली. आजीला इतकं काय झालंय विचारत होती, कुणीच सांगितलं न्हाई.

आत्याबाईंनी गाडीतलं ते परत विचारलं न्हाई. आज सकाळी अर्धी भाकर खाल्ली, माझ्या समोर बसून. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेतला, आन तसाच हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.