पाटीमागचा नंबर

लिहून देणार मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पाट्या रंगवणे (आता बंद), सर्वांना 'पाटीवाले' म्हणून माहीत, राहणार पुलाच्या अलीकडे. डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. मुलीचे मत वेगळे आहे, पण ती डॉक्टर नाही. कोणी भीड घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या कागदाने ठरवून ठेवतो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

'अलीकडे' या शब्दाचा खुलासा करणे भाग आहे. चौतीस वर्षांपूर्वीपर्यंत आमचे हे स्वतंत्र गाव होते. स्वतःची नगरपालिका, स्वतःचा एक अग्निबंब आणि तो चालवणारा न्हावी. मग पुलापलीकडच्या शहराने आम्हाला पोटात घेतले. कागदोपत्री आता आम्ही शहराचा एक विभाग आहोत. तरी इथली माणसे बस पकडताना आजही "जरा शहरात जाऊन येतो" असेच म्हणतात.

कलम १. तळमजला आणि मागचा कारखाना मुलीला. विकायचा तर खुशाल विकावा, फक्त दारावरची १४ नंबरची पाटी काढू नये. कारण पुढच्या कलमात.

कलम २. आमच्या गावात घरांना नंबर रस्त्याच्या ओळीने नव्हते, बांधल्याच्या क्रमाने होते. दोरखंडाच्या कारखान्याच्या पहारेकऱ्याची खोली, ती एक. चाळीसपर्यंत कामगारांची घरे. पुरानंतर वरच्या अंगाला बांधली ती एकेचाळीस ते नव्वद. रेल्वे आल्यावरची तीनशेच्या पुढे. आमच्या गल्लीत ओळीने तीन, दोनशे बारा, सत्तावन्न, एकशे अठरा. परक्याला काडीचा उलगडा होत नसे. त्याला विचारावेच लागे, आणि एकाला विचारले की चौघे घर दाखवायला निघत. गावाचा स्वभावच तसा घडला होता.

विलीनीकरणानंतर शहराने ओळीचे नंबर दिले आणि पाट्या रंगवायचे काम माझ्याच गळ्यात मारले. मी सहाशे एकेचाळीस घरांच्या जुन्या पाट्या उतरवल्या, उलट्या केल्या, नवा नंबर पाठीवर रंगवला आणि परत ठोकल्या. आज जिथे जिथे माझ्या हातची पाटी आहे, तिथे भिंतीकडे तोंड करून जुना नंबर शाबूत आहे. हे आजवर कोणाला बोललो नाही. पत्र्याचे पैसे मात्र मी शहराकडून घेतले नाहीत, हेही नमूद असावे.

कलम ३. ब्रश आणि अक्षरांचे साचे नाक्यावरच्या छपाईवालीला. तिच्या यंत्राने माझा धंदा बुडवला हे खरे. पण 'क्ष' कसा वळवायचा हे विचारायला ती दोनदा जिना चढून आली. ब्रश रॉकेलमध्ये धुवावेत, पाण्यात नव्हे. "हे नंबर कोणा दारुड्याने घातलेत का?" असे भर रस्त्यात विचारणाऱ्या शहराच्या इंजिनियर साहेबांना माझ्याकडून काही नाही. जिवंत असतील तर त्यांनी विनाकारण वाट पाहू नये.

कलम ४. माडी माझ्या धाकट्या भावाला. तो शेजारच्याच घरात राहतो. माडीची खिडकी त्याच्या अंगणावर उघडते. ती मी चौतीस वर्षे बंद ठेवली.

त्याचे कारण लोकांना वाटते ते असे. भाऊ नगरसेवक होता. विलीनीकरणाचा ठराव नऊ विरुद्ध आठ मतांनी झाला आणि नववे मत त्याचे होते. भावाने गाव विकले, असे मी चारचौघांत म्हणालो. मग बोलणे बंद झाले.

खरे कारण त्याच्या एक वर्ष आधीचे आहे. नंबर ओळीने लावावेत अशी सूचना तेव्हा गावच्या सभेत आली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्याला घर सापडत नाही त्याने विचारावं. विचारल्याने जीभ झिजत नाही." सभेने टाळ्या वाजवल्या. सूचना पडली.

त्यानंतर चार महिन्यांनी भावजयीच्या छातीत कळ आली. भर दुपार, पुरुष कारखान्यात, दारे-खिडक्या उन्हासाठी लावलेल्या. भावाने फोन करून नंबर सांगितला, दोनशे बारा. शहरातून आलेल्या रुग्णवाहिकेला दोनशे अकरा सापडले, ओढ्यापाशी. मग दोनशे तेरा सापडले, स्टेशनच्या मागे. मी स्टेशनवर शिडीवर होतो. रुग्णवाहिका खालून दोनदा गेली. मला वाटले, कारखान्यात कोणाला तरी लागले असेल. शेवटी भाऊ तिला सोडून रस्त्यावर धावला तेव्हा गाडी थांबली, पण तोवर भावजय गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दारावरची पाटी उपटून माझ्या कारखान्यात आणून टाकली. एवढेच म्हणाला, "दादा, विचारायला रस्त्यावर कोणी नव्हतं."

ठरावाला त्याचे मत पडले ते यासाठी, हे मला त्याच दिवशी कळले होते. तरी मी त्यालाच बोल लावत राहिलो, कारण माझ्या टाळ्या मला परत करता येत नव्हत्या. चूक माझी होती. याचा मला फार पश्चात्ताप आहे. त्याची पाटी मी धूळ पुसून जपून ठेवली आहे, तीही त्यालाच द्यावी. त्याच्या दाराला आजतागायत पाटी नाही.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली. साक्षीला मी भावाला चिठ्ठी पाठवून बोलावले. तो येईल असे वाटले नव्हते. वकिलांनी तेव्हा सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये. भावाने चौथे कलम दोनदा वाचले. चष्मा पुसला.

"माडी नको मला, दादा. सही कुठे करायची ते सांग."

"सही केलीस तर माडी जाईल."

"जाऊ दे. खिडकी तेवढी उघड."

सबब कलम ४ मधील माडीही मुलीला. बिजागऱ्या गंजल्या होत्या, मुलीने हातोडीने खिडकी मोकळी केली. पाटी मृत्युपत्रातून वगळली आहे. भाऊ ती आत्ताच काखेत मारून बसला आहे.

स्थळ: पुलाच्या अलीकडे.
दिनांक: १४ नोव्हेंबर, विलीनीकरणाचे चौतिसावे वर्ष. (इसवी सन वकिलांनी कडेला वेगळ्या शाईने घातले आहे.)

लिहून देणार: सही, पाटीवाले. घर क्रमांक १४, जुना ५७.

साक्षीदार पहिले: सही, डॉक्टर. राहणार शहरात.

साक्षीदार दुसरे: सही, लिहून देणाराचा धाकटा भाऊ. पत्ता स्वहस्ते: घर क्रमांक १२, जुना २१२.